इलेक्ट्रिक गाडी, रस्ता आणि बातम्या : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार वर्षांपूर्वी आमच्या घरी इलेक्ट्रिक गाडी आली. तेव्हापासून पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसखालच्या टपरीवर लोक मला गाठून विचारतात. सुरुवात बॅटरीपासून होते आणि गप्पा हळूहळू स्टार, एअरबॅग, मोबाइलवर पाहिलेला एखादा व्हिडिओ, कालच्या पेपरातला अपघात असं करत पुढे जातात. मी पुण्यात राहतो, गाव कराडजवळ आहे, कामासाठी महिन्यातून दोनदा मुंबईला जातो. त्या अनुभवावर ही उत्तरं लिहिली आहेत. मी इंजिनियर नाही आणि कुठल्या कंपनीचा माणूसही नाही.

इलेक्ट्रिक गाडी खरंच परवडते का?

रोजचं रनिंग किती, यावर सगळं अवलंबून आहे. माझी गाडी एका युनिटमध्ये साधारण साडेसहा ते सात किलोमीटर जाते. घरच्या विजेचा दर काढायचा तर बिलाच्या एकूण रकमेला युनिटनी भागा. नुसता छापलेला दर धरू नका, कारण स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हे सगळं आपल्याच खिशातून जातं. आमच्याकडे तो हिशोब अकरा-बारा रुपयांपर्यंत येतो. चार्जिंग करताना थोडी वीज वायाही जाते. म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपये धरा. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे आणि शहरात पंधराचं अ‍ॅव्हरेज मिळालं, तर सात रुपये पडतात. फरक मोठा आहे.

पण तीच गाडी हायवेवरच्या फास्ट चार्जरवर भरली की युनिटला वीस रुपये किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात, आणि वाचणारा पैसा बराच कमी होतो. त्यामुळे घरी चार्जिंगची सोय नसेल तर मी सरळ सांगतो, घाई करू नका. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटरच फिरत असाल तरीही गाडीची जास्तीची किंमत वसूल व्हायला बरीच वर्षं जातील. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जाणाऱ्याने मात्र विचार करावाच. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, महाराष्ट्रात मोटार वाहन करातही सवलत आहे, आणि २०२५च्या ऑगस्टपासून अटल सेतूवर टोल माफ आहे.

कंपनी सांगते ३०० किलोमीटर. खरं किती?

माझ्यासारखी ३० युनिटची बॅटरी असलेली नेक्सॉन २०२० साली आली तेव्हा प्रमाणपत्रावरचा आकडा ३१२ किलोमीटर होता. मला एसी लावून, चार माणसांसह, हायवेला दोनशेच्या आसपास मिळतात. शहरात थोडे जास्त. प्रयोगशाळेतली चाचणी रोलरवर, ठरावीक वेगाने होते. तिथे समोरून वारा नसतो आणि मागे आजीबाईंच्या लोणच्याच्या बरण्याही नसतात. माझा ठोकताळा असा की छापलेल्या आकड्याचा दोन तृतीयांश धरावा आणि त्यातूनही तीस किलोमीटर हातचे राखावेत.

वेगाने रेंज खाल्ली जाते, हे लोकांना पटत नाही. पेट्रोल गाडीतही तेच होतं, फक्त पंप जागोजागी असल्यामुळे आपण मोजत नाही. ऐंशीने गेलो तर मी पुण्याहून कराडला पोहोचतो आणि बॅटरी वीस-पंचवीस टक्के शिल्लक असते. शंभर-एकशेदहाने गेलो की शेवटच्या टप्प्यात डोळे टक्केवारीवरच खिळतात. एकदा गावाच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारातला चार्जर बंद निघाला. अ‍ॅपवर तो हिरवा, म्हणजे चालू दाखवत होता. अकरा टक्के उरले होते. हॉटेलवाल्याने स्वयंपाकघरातल्या ओल्या ग्राइंडरचा सोळा अँपियरचा प्लग काढून आम्हाला जागा दिली, दोन तास बसवून चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून लांबच्या प्रवासाला निघताना मी एका चार्जरवर विसंबत नाही. त्याच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे दोन पर्याय कागदावर लिहून ठेवतो आणि शक्य असेल तर तिथे आधी फोन करतो.

घाट चढते का?

चढते, आणि तक्रार न करता चढते. इलेक्ट्रिक मोटरला गिअर बदलावे लागत नाहीत, पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर मिळतो. बोरघाटात कंटेनरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रखडण्याचा त्रास ज्याने सोसला आहे त्याला हा फरक लगेच जाणवेल.

खर्च मात्र समजून घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, मुंबई समुद्राला लागून. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी उंची चढवायला नुसत्या उंचीपोटी अडीच युनिट लागतात. माझ्या बॅटरीचा बारावा हिस्सा तिथेच जातो. म्हणून मुंबईहून परतताना नेहमीपेक्षा जास्त चार्ज घेऊन निघायचं. जाताना उलट होतं. खंडाळ्याहून उतरताना पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालते, गाडीचा वेग रोखते आणि बॅटरीत वीज परत भरते. खोपोलीला पोहोचेपर्यंत टक्का वाढलेला दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बायकोने फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला होता.

एक सूचना. लोणावळ्यात पूर्ण शंभर टक्के चार्ज करून घाट उतरू नका. बॅटरीत जागाच नसेल तर वीज परत कुठे जाणार? मग मोटरचा रोध कमी मिळतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

सोसायटी चार्जिंग पॉइंट लावू देत नाही. काय करू?

आधी बाचाबाची टाळा. समितीची भीती बहुतेक वेळा तीन गोष्टींची असते : बिल कोण भरणार, लोड पुरेल का आणि आग लागली तर. तिन्हींची उत्तरं लेखी घेऊन जा. महावितरणकडून इलेक्ट्रिक वाहनासाठी स्वतंत्र मीटर मिळतो, म्हणजे सोसायटीच्या बिलाचा प्रश्न मिटतो. मंजूर भार परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. स्वतंत्र केबल, जादा भाराला तुटणारा एमसीबी, गळतीला तुटणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, हे सगळं अंदाजपत्रकात लिहून द्या.

आणि हात जोडून सांगतो, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडू नका. आमच्याच आवारात एका शेजाऱ्यांनी स्कूटरसाठी असं केलं होतं. पंधरा दिवसांनी त्या बोर्डाचं पांढरं प्लॅस्टिक एका भोकाभोवती तपकिरी झालं, जवळ गेलं की जळका वास यायचा. मी काढून हातात घेतला तेव्हा आतली पितळी पट्टी निळसर पडली होती. घरातला मिक्सर पाच मिनिटं चालतो. गाडी त्याहून जास्त करंट आठ-दहा तास सलग ओढते. ढिला सॉकेट एवढा वेळ टिकत नाही.

बॅटरी बदलायला गाडीच्या निम्मे पैसे लागतात म्हणे?

बॅटरी महाग आहे हे खरं. पण बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तेवढी हमी देतात, आणि पॅक मोबाइलच्या बॅटरीसारखा दोन वर्षांत बसत नाही. माझ्या गाडीची चार वर्षांत रेंज थोडी घटली आहे, रोजच्या वापरात जाणवत नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने मात्र बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट सर्व्हिस सेंटरमधून काढल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इलेक्ट्रिक गाड्या पेट घेतात ना?

घेतात. पेट्रोलच्या आणि सीएनजीच्याही घेतात. २०२२च्या मार्चमध्ये पुण्यात धानोरीकडे रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली आणि तिचा व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी जूनमध्ये वसईत एका इलेक्ट्रिक कारला आग लागली. त्या वर्षीच्या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणजे त्या बातम्यांचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं.

माझी हरकत वेगळी आहे. इलेक्ट्रिक गाडी जळाली की पहिल्या पानावर फोटो, आणि सीएनजी गाडी हायवेवर जळून खाक झाली की आतल्या पानावर चार ओळी. वाचणाऱ्याला वाटतं की फक्त एकाच प्रकारच्या गाड्या पेटतात. घेताना एवढं विचारा : बॅटरीची रसायनं कुठली? लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी उष्णतेला जास्त दाद देत नाही. बाहेरून हॉर्न, दिवे, साउंड सिस्टीमसाठी वायरिंग कापून घेऊ नका. खाली आपटून पॅकला पोचा आला असेल तर गाडी तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. पेटलेली बॅटरी विझवायला भरपूर पाणी आणि बराच वेळ लागतो, म्हणून धूर दिसला की आधी माणसं बाहेर काढा, सामान राहू द्या.

पावसात शॉक बसतो का?

नाही. बॅटरी पॅक सीलबंद असतो. पण मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी म्हणजे मिलन सबवेत गाडी घालायचा परवाना नव्हे. तुंबलेल्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नये. खाली उघडं मॅनहोल आहे की नाही ते दिसत नाही.

वीज कोळशाचीच ना? मग पर्यावरणाचं काय भलं?

हा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणारा धूर कुठे जातो याचा विचार करत असतो. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशावरच होते. पुण्यात माझ्या गाडीच्या मागे धूर नाही, पण चंद्रपूर, कोराडी, भुसावळला चिमण्या धुराच्याच आहेत. चंद्रपूरच्या लोकांनी तो धूर गिळायचा आणि मी इलेक्ट्रिक गाडीची हिरवी नंबरप्लेट मिरवायची, हे मला बोचतं. कोयनेची जलवीज आणि वाढत चाललेली सौरवीज यांचा वाटा जसजसा वाढेल तसतशी तीच गाडी आपोआप स्वच्छ होत जाईल, पेट्रोल गाडीचं तसं होत नाही. एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येईल. आणि स्वारगेटहून कात्रजला जायला बस असेल तर बस बरी.

पत्रा जाड म्हणजे गाडी भक्कम, बरोबर?

चूक, आणि ही चूक आपल्याकडे फार खोल रुजली आहे. शोरूममध्ये माणूस दरवाजावर टिचकी मारून आवाज ऐकतो, बॉनेट दाबून बघतो. बाहेरचा पत्रा जीव वाचवत नाही. वाचवतो तो आतला सांगाडा. चांगल्या गाडीचं नाक मुद्दाम चुरडावं असंच बनवलेलं असतं, कारण चुरडताना ते धक्का खातं आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. अपघातानंतर पुढचा भाग चपटा झालेली गाडी पाहून लोक म्हणतात, 'डबा होता डबा'. दरवाजे उघडले का, स्टिअरिंग आत घुसलं का, हे कुणी बघत नाही.

उलटेही व्हिडिओ फिरतात. उलटलेल्या गाडीतून चौघे चालत बाहेर आले आणि खाली कंपनीचं गुणगान. ते चौघे बेल्ट लावून होते का, वेग किती होता, हे त्या व्हिडिओत नसतं.

पाच स्टार म्हणजे नेमकं काय?

२०१४ साली गाड्यांना सुरक्षिततेचे स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच गाड्या आदळवून पाहिल्या आणि पाचही शून्य स्टारच्या निघाल्या. आपल्याकडे सुरक्षिततेची चर्चा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. २०१८च्या डिसेंबरात पहिल्या भारतीय गाडीला पाच स्टार मिळाले. १ ऑक्टोबर २०२३पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी लागू झाली. २०२४च्या जूनमध्ये पंच आणि नेक्सॉनच्या इलेक्ट्रिक गाड्यांना त्यात पाच स्टार मिळाले. दहा वर्षांत हा फरक पडला, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण चाचणी कशी होते ते बघा. ताशी ६४ किलोमीटरने गाडीच्या तोंडाचा एक भाग अडथळ्यावर आदळतात. बाजूने ताशी ५० वर. खांबावर आडवी, ताशी २९ वर. आत बसलेल्या पुतळ्यांनी बेल्ट लावलेले असतात. आघाताची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ताशी १२०ला ती ६४च्या साडेतीन पट होते. स्टार तेच राहतात, त्यांचा आधार उरत नाही. समृद्धी महामार्गावर पाच स्टारच्या भरवशावर एकशेचाळीसने जाणारा माणूस कुणीही न केलेली चाचणी स्वतःच्या कुटुंबावर करत असतो.

मागच्या सीटला बेल्ट कोण लावतं?

इथे मला जरा सविस्तर बोलू द्या.

आमचे सासरे नेहमी मागे बसायचे. मोठ्या माणसाने मागे बसायचं, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी नाही, अशी त्यांची रीत. एकदा कराडला निघताना मी म्हटलं, बेल्ट लावा. त्यांनी खांद्यावरून पट्टा ओढला आणि खाली कुठे अडकवायचा ते शोधू लागले. बक्कलच सापडेना. मी गाडी बाजूला घेतली, मागे वाकलो. सीटला चढवलेलं नवं कव्हर शिवणीपर्यंत ताणून बसवलं होतं आणि तिन्ही बक्कलं त्याच्या खाली, फोममध्ये दाबून टाकली होती. कव्हरवाल्याने सांगितलं, 'सगळेच असं बसवतात, साहेब. टोचतात ना ती.' चिमट्याने एकेक बक्कल बाहेर ओढायला अर्धा तास गेला. एका बक्कलच्या फटीत शेंगदाण्याचं टरफल अडकलं होतं. गाडी घेऊन तेव्हा सात महिने झाले होते. म्हणजे सात महिने आमची आई, सासू-सासरे, पोरं, सगळी मागे मोकळीच बसत होती. बॅटरीचा सेल कुठल्या बनावटीचा हे मला तोंडपाठ होतं, आणि मागे बक्कल आहे की नाही हे मी कधी पाहिलं नव्हतं.

४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, नावाजलेली, एअरबॅगवाली. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावलेले नव्हते, असं तेव्हाच्या तपासात पुढे आलं. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२पासून मागच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा केला. नियम मुळात आधीपासून होता. दंड एक हजार रुपये आहे.

२०२२ साली देशात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं रस्त्यावर मेली. त्यातली ८,३३१ चालक नव्हती, सोबत बसलेली होती. मागे बसलेला माणूस मोकळा असेल तर तो गाडीच्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतो आणि बेल्ट लावून बसलेल्या पुढच्या माणसालाही चिरडतो. म्हणून हा प्रश्न 'ज्याची त्याची मर्जी' म्हणून सोडता येत नाही.

बेल्टचा 'टिंग टिंग' आवाज बंद करायला बक्कलमध्ये नुसतीच क्लिप खोचतात. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांतून अशा १३,११८ क्लिपांच्या जाहिराती काढायला लावल्या. तुमच्या गाडीत असेल तर आज फेकून द्या.

लहान मूल मांडीवर घेतलं तर चालतं ना? घट्ट धरतो आम्ही.

नाही धरता येत. ताशी ५०च्या वेगाने आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका मार. त्या क्षणी दहा किलोचं लेकरू कुठल्याच आईच्या हातात राहत नाही. पुढच्या सीटवर मांडीत असेल तर फुटणारी एअरबॅग थेट त्याच्या तोंडावर. बारशाच्या आहेरात पाळण्याऐवजी बाळाची कारसीट द्या. आमच्या भाच्याला आम्ही तीच दिली. दोन आठवडे रडला, मग त्याला खिडकीतून बाहेर दिसू लागलं आणि रडं थांबलं.

इलेक्ट्रिक गाडी चालवताना काही वेगळं जपावं लागतं का?

दोन गोष्टी. पहिली, जोर. पाय नुसता टेकवला तरी गाडी झेपावते. नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलाच्या हाती दिलीत तर आधी इको मोडवर ठेवा आणि रिकाम्या मैदानात सवय करू द्या. दुसरी, आवाज. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांना, काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना गाडी आलेली कळत नाही. मी गेटपासून आत चालण्याच्या वेगाने येतो आणि काच खाली ठेवतो.

समृद्धीवर टायर का फुटतात?

उन्हाळ्यात तापलेलं काँक्रीट, झिजलेले किंवा कमी हवेचे टायर, आणि तासन्‌तास एकाच वेगाने पळणं. त्यात चालकाला भुरळ पडते. वळण नाही, गाव नाही, झाड नाही. गाडी इलेक्ट्रिक असेल तर वजन जास्त, म्हणजे टायरवर भारही जास्त. १ जुलै २०२३ला पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, तेव्हापासून ह्या रस्त्याचं नाव काढलं की घरचे धसकतात. मी तिथे शंभरच्या आतच राहतो आणि दर दीड तासाला उतरून पाय मोकळे करतो. चार्जिंगसाठी थांबावंच लागतं, ते ह्या बाबतीत पथ्यावर पडतं.

कुणाचे रिव्ह्यू बघावेत?

नाव सांगणार नाही, पद्धत सांगतो. नवी गाडी येते तेव्हा कंपनी पत्रकारांना आणि यूट्यूबवाल्यांना बोलावते, हॉटेलात उतरवते, दिवसभर गाडी देते आणि एकाच दिवशी एकाच वेळी सगळ्यांचे व्हिडिओ बाहेर येतात. यात लबाडीच असते असं नाही. पण एका दिवसात सनरूफ, स्क्रीन आणि पिकअप दिसतात. रात्री पावसात हेडलाइट कसे पडतात, मागच्या मधल्या सीटला तीन टोकांचा बेल्ट आणि डोकं टेकायला आधार आहे का, पाच वर्षांनी सुटे भाग मिळतात का, हे दिसत नाही.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या व्हिडिओवर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहायला हवं, असे नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली आणि केंद्र सरकारने २०२३च्या जानेवारीत काढले आहेत. व्हिडिओच्या सुरुवातीला ते शोधा. मी स्वतः गाडीचा सहा महिन्यांनी किंवा वीस हजार किलोमीटरनंतरचा मालकाचा अनुभव जास्त मानतो. आणि ज्या समीक्षकाला एखाद्या गाडीत काहीच खटकत नाही त्याच्याकडे मी परत जात नाही.

अपघाताच्या बातम्यांवर तुम्ही एवढे का चिडता?

कारण त्या बातम्यांत माणूस मरतो आणि कारण कळत नाही. 'काळाचा घाला.' 'चालकाचा ताबा सुटला.' 'भरधाव कार झाडावर आदळली.' 'देवदर्शनाहून परतताना कुटुंबावर…' हे शब्द इतके घोटले गेले आहेत की वाचणाऱ्याचं मनही बधिर झालं आहे. काळाने घाला घातला म्हटलं की प्रश्नच संपतो. काळाला कोण विचारणार की डिव्हायडर का उघडा होता, ट्रक मागच्या दिव्याशिवाय रस्त्यावर का उभा होता, ड्रायव्हर किती तास झोपला नव्हता?

विचारलं तर फरक पडतो, याचं उदाहरण आपल्या दारात आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं गेली. सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी संस्था आणि राज्य रस्ते विकास महामंडळ यांनी तिथे शून्य मृत्यूचं काम हाती घेतलं. जिथे जिथे माणूस मेला तिथे जाऊन त्यांनी पाहिलं, आदळण्यासारखे खांब आणि कठडे झाकले, रस्त्याकडेला उभे राहणारे ट्रक हटवले. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. गाड्या तर वाढतच होत्या.

आणखी एक. गाड्यांवर मी एवढं लिहिलं, पण २०२२च्या १,६८,४९१ मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते, आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे. दुधाची किटली लावलेला मोटरसायकलवाला, हायवे ओलांडून शाळेत जाणारी मुलगी. त्यांना स्टार नाहीत आणि त्यांचा रिव्ह्यू कुणी करत नाही. म्हणून बातमी वाचली की मी चार गोष्टी शोधतो : बेल्ट किंवा हेल्मेट होतं का, वेग किती, रस्त्याची ती जागा कशी होती, मदत किती वेळात आली. बहुतेकदा चारपैकी एकही सापडत नाही. तेव्हा मी संपादकांना पत्र लिहितो. आतापर्यंत दोन छापून आली आहेत.

रस्त्यात अपघात दिसला तर थांबावं का? पोलिसांचं लचांड मागे लागतं.

थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची तुमच्यावर सक्ती करता येत नाही. २०२५पासून जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत बिनपैशांचा उपचार मिळण्याची योजनाही आहे, त्यामुळे 'आधी पैसे भरा' म्हणणाऱ्याला ते सांगा.

आधी स्वतःची गाडी पुढे, सुरक्षित जागी, चारही इंडिकेटर लावून उभी करा. मागून येणाऱ्यांना दिसेल अशी खूण ठेवा. १०८ला फोन लावा आणि गावाचं नाव नुसतं सांगू नका, कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि दिशा सांगा, मुंबईकडे की पुण्याकडे. मान वाकडी झालेल्या माणसाला ओढून काढू नका, आग किंवा पाण्याचा धोका असेल तरच काढा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा आणि मदत येईपर्यंत सोडू नका. गाडीला हिरवी नंबरप्लेट असेल तर तेही १०८वर सांगा, म्हणजे मदतीला येणाऱ्यांना बॅटरीची कल्पना येते. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर त्यांना हात लावू नका.